नदीला उतार होता की नव्हता?

स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादकांचा फोन आला, तेव्हा नेहमीप्रमाणे ‘होळकरशाहीवर चार पाने देतो’ असे मी सांगून टाकले. पण लिहायला बसलो आणि मनात दुसरेच काही घोळू लागले. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या सभागृहात मुलांनी एक खेळ मांडला होता. त्यात भांडण झाले, पंच म्हणून मला बोलावले, आणि मी निकाल चुकीचा दिला. तो निकाल का चुकला हे शोधता शोधता मी दोनशे वर्षे मागे, थेट प्रशियाच्या राजवाड्यात आणि तिथून परत केळणा नदीच्या काठी येऊन पोहोचलो. यंदा तेच लिहितो. होळकर शेवटी येतातच.

आधी भांडण सांगतो. माझा नातू पुण्याला शिकायला असतो. तिथून तो ऐतिहासिक युद्धखेळाचा नाद घेऊन आला. बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक, थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या कापडाची नदी. दिवाळीत आपण किल्ला करून मावळे मांडतो त्याचाच हा थोरला भाऊ म्हणा. फरक एवढाच, की इथे मावळे नुसते उभे राहत नाहीत, नियमाने चालतात आणि नियमाने पडतात. टेबल टेनिसचे टेबल जोडून मुलांनी असईची लढाई मांडली. नातू इंग्रजांच्या बाजूने, शेजारची अकरावीतली मुलगी शिंदे-भोसल्यांच्या बाजूने.

नियमपुस्तकात लिहिले होते की नदी फक्त पुलावरून किंवा उतारावरून ओलांडता येते. नकाशावर पूल नव्हता आणि उतारही दाखवलेला नव्हता. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे मात्र होती. तिसऱ्याच डावात नातवाने त्या दोन गावांच्या मधून पलटण पलीकडे नेली. ती म्हणाली, “इथे उतार नाही.” तो म्हणाला, “इतिहासात होता.” मला विचारले. असईची हकिगत मला पाठ, मी ऐटीत सांगितले, “होता. पलटण जाऊ दे.”

त्या मुलीने सोंगट्या आवरायला घेतल्या आणि शांतपणे म्हणाली, “आजोबा, उतार होता हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. मला टेबलावर तो कुठे दिसला?”

मला उत्तर सुचले नाही. तेव्हा नाही आणि घरी गेल्यावरही नाही.

चौकोनातली जमीन

आपले बुद्धिबळ घ्या. चतुरंगाच्या काळापासून त्यात हत्ती, घोडे, प्यादी आहेत, पण जमीन नाही. चौसष्ट घरे सारखीच. कुठे दलदल नाही, चढ नाही, नाला नाही. म्हणून बुद्धिबळात ‘हे घर नेमके काय आहे’ यावर कधी भांडण होत नाही.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे हेलविग नावाचे गणिताचे शिक्षक होते. १७८० मध्ये त्यांनी बुद्धिबळाला जमीन दिली. दीड हजारांहून अधिक घरांचा मोठा पट केला आणि घरांना रंग दिले: डोंगराला लाल, पाण्याला निळा, दलदलीला हिरवा. घोडदळ कुठे जाईल, कुठे अडेल हे रंगावरून ठरे. शंकेला जागाच नव्हती, कारण प्रत्येक घर एकाच रंगाचे. पण खरी जमीन अशी चौकोनात बसत नाही. नदी चौकोनाच्या कडेने वाहत नाही आणि डोंगर एका घरात सुरू होऊन दुसऱ्यात संपत नाही. हेलविगच्या पटावर भांडण नव्हते, पण त्यासाठी जमीन खोटी करावी लागली होती.

पुढची पायरी प्रशियात पडली. राइसवित्स नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १८१२ मध्ये राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमला एक मोठे टेबल करून दिले. त्यावर नद्या, रस्ते, गावे, टेकड्या असलेले प्लास्टरचे तुकडे हवे तसे जुळवता येत. हे टेबल बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात जपून ठेवलेले आहे. पण खेळाचे खरे रूप घडवले ते राइसवित्सच्या मुलाने. तो तोफखान्यातला तरुण अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये नवे नियम छापले. चौकोन काढून टाकले, प्लास्टरही काढून टाकले आणि एकास आठ हजार या प्रमाणाचा खरा लष्करी नकाशा टेबलावर पसरला. एक डाव म्हणजे दोन मिनिटे; दोन मिनिटांत पायदळ किती चालते, घोडदळ किती दौडते, त्याचे हिशेब. गोळीबारात किती माणसे पडली ते फाशांवर आणि तक्त्यांवर.

आणि त्याने एक तिसरा माणूस आणला: पंच. दोन्ही बाजूंचे सेनापती आपापले हुकूम कागदावर लिहून पंचाला देत. पंच नकाशावर तेवढ्याच सोंगट्या ठेवी, जेवढ्या समोरच्याला दिसू शकल्या असत्या. टेकडीआडची पलटण नकाशावर नसेच. ती फक्त पंचाच्या डोक्यात. म्हणजे जमीन काय आहे हे पंचाला ठाऊक, आणि ती कुणाला किती दिसते हे ठरवण्याचे कामही त्याचेच.

हा खेळ सेनाप्रमुख म्युफ्लिंग यांना दाखवला गेला. सुरुवातीला ते फारसे उत्सुक नव्हते, पण पाहता पाहता त्यांचे मत पालटले. हा नुसता खेळ नाही, युद्धाचे शिक्षण आहे, असे म्हणून त्यांनी सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. हेच म्युफ्लिंग १८१५ मध्ये वॉटर्लूच्या मोहिमेत प्रशियाचे प्रतिनिधी म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या छावणीत होते. आणि वेलिंग्टन म्हणजे कोण? असईला केळणा ओलांडणारा आर्थर वेलस्ली. जग लहान असते ते असे.

धाकट्या राइसवित्सचा शेवट मात्र दुःखद झाला. १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याचा खेळ पुढे अधिकाऱ्यांच्या क्लबांतून खेळला जात राहिला.

तक्ता मोठा की माणूस?

नियम वाढत गेले. चढणीला वेगळा वेग, नांगरलेल्या शेताला वेगळा, जंगलाला वेगळा. तक्त्यांची पाने वाढली आणि खेळ इतका संथ झाला, की दोन मिनिटांच्या डावाला अर्धा तास लागे. तेव्हा दोन तट पडले. मेकेल नावाच्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये या तक्त्यांवर टीका केली. जपानी सैन्याला आधुनिक युद्धशास्त्र शिकवायला पुढे जो जर्मन गेला तो हाच. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा यांनी त्याच्याही पुढे जाऊन सांगितले की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा. अनुभवी पंचाने जमीन पाहावी, दोन्ही बाजूंचे हुकूम वाचावेत आणि काय झाले ते सांगावे. याला ‘मुक्त’ खेळ म्हणत, आणि तक्त्यांच्या खेळाला ‘कडक’.

१८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इंग्रजांनाही या खेळाची ओढ लागली. त्यांच्यासाठी १८७२ मध्ये इंग्रजीत नियम तयार केले ते तोफखान्यातल्या कॅप्टन बेअरिंगने. त्याच वर्षी तो व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकचा खाजगी सचिव म्हणून हिंदुस्थानात आला.

वाचकहो, कडक आणि मुक्त हा वाद आपल्याला नवा नाही. वाड्यातल्या भाऊबंदकीच्या वाटणीत एक जण कागद पुढे करतो, दुसरा म्हणतो “घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.” कागदाला सगळे ठाऊक नसते. वडीलधारे निःपक्ष असतीलच असे नाही. कागद चुकला तर निदान सगळ्यांसाठी सारखाच चुकतो. माणूस चुकला तर कुणाच्या तरी बाजूने चुकतो. माझा निकाल दुसऱ्या जातीचा होता.

दिवाणखान्यातली नदी

विसाव्या शतकात हा खेळ छावणीतून घरात आला. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. शिशाचे सैनिक, लाकडी गोळी उडवणारी खेळण्यातली तोफ, ठोकळ्यांची घरे आणि जमिनीवर खडूने काढलेली नदी. जमिनीबाबतचा त्याचा नियम मला फार आवडला. प्रदेश एकाने मांडायचा, आणि कोणत्या बाजूने लढायचे ते दुसऱ्याने निवडायचे. आमच्या लहानपणी आई खरवसाचे वाटे असेच करायला लावी: एकाने कापायचे, दुसऱ्याने आधी उचलायचे. कापणाऱ्याचा हात आपोआप सरळ चाले.

पण वेल्सचा नियम मांडणीतला पक्षपात थांबवतो. मांडलेल्या वस्तूचा अर्थ सांगत नाही. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या पुस्तकानंतर इंग्लंडमध्ये हा छंद घरोघरी पोहोचला आणि तिथपासून आजतागायत खेळणाऱ्यांची भांडणे ठरलेली आहेत. पलटण अर्धी झाडीत, अर्धी बाहेर, तर ती झाडीत मोजायची का? झाडीच्या कडेला उभ्या माणसाला बाहेरचे दिसते, मग बाहेरच्याला तो दिसतो का? थर्माकोलची टेकडी पायरीपायरीची असते. मग माथा कुठे सुरू होतो? टेबलावरची तीन झाडे म्हणजे तीन झाडे की अख्खे रान?

खेळणाऱ्यांनी यावर उपायही काढले. पहिला उपाय म्हणजे खेळ सुरू होण्याआधी दोघांनी टेबलाभोवती फिरायचे आणि प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून ठरवायचे: ही झाडी इथून इथपर्यंत, हा नाला घोड्याला अडवतो, तोफेला तर अडवतोच. दुसरा उपाय वाद झाला तर फासा टाकून पुढे जाण्याचा. खरे-खोटे खेळ संपल्यावर बघायचे. तिसरा मला सर्वांत शहाणपणाचा वाटला. फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९० च्या प्राचीन युद्धांच्या नियमांत नदी कशी आहे हे आधी कुणालाच ठाऊक नसते. पहिली तुकडी पाण्यात उतरायला जाते तेव्हा फासा टाकायचा. मग कळते की नदी नावापुरतीच आहे की खरोखर अवघड. तोवर दोन्ही सेनापती सारखेच अंधारात.

हे वाचले आणि मला असई आठवली. कारण २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणेच्या काठी नेमके हेच घडले होते.

केळणेचा उतार

आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ केळणा आणि जुई या दोन नद्या एकमेकींजवळ येतात. त्यांच्यामधल्या जिभेसारख्या पट्ट्यात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज होती. पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि हजारोंचे घोडदळ. वेलस्लीकडे स्वतःची साडेचार-पाच हजारांची फौज. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे स्वार. दुसऱ्या दिवशी कर्नल स्टीव्हनसनची फौज येऊन मिळायची होती. तिची वाट न पाहता त्याने हल्ला करायचे ठरवले. पण समोर नदी, आणि नदीपलीकडे तोफा रोखलेल्या. समोरून जाणे म्हणजे मरण.

त्याने वाटाड्यांना विचारले. ते म्हणाले, बाजूला कुठेही उतार नाही.

मग त्याने स्वतः पाहिले. खालच्या अंगाला नदीच्या एका काठावर एक गाव आणि बरोबर समोरच्या काठावर दुसरे. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी येतात. पहिले म्हणजे आपले पिंपळगाव. पुढे स्वतः वेलिंग्टनने सांगितलेला त्याचा विचार साधा होता. दोन गावे इतकी समोरासमोर वसली आहेत, म्हणजे त्यांचे येणे-जाणे असणार. येणे-जाणे असेल तर नावा तरी असतील किंवा उतार तरी. नावा दिसत नाहीत. म्हणजे उतार आहे. त्याने माणसे पाठवली. उतार होता.

त्या उतारावर पहारा नव्हता. तोफांचे गोळे येत होते; वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके तिथेच उडाले. पण फौज पलीकडे गेली आणि मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर आली. पोलमनने कवायती पायदळाची सबंध रांग काटकोनात वळवली. इतक्या मोठ्या फौजेने तोफांसह ऐन वेळी केलेली ती हालचाल इतकी शिस्तीची होती, की इंग्रज चकित झाले. गोलंदाज तोफांजवळ मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पुन्हा तोफा डागू लागले. इंग्रजांचे सुमारे सोळाशे लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे मूळ फौजेतला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस. अठ्ठ्याण्णव तोफा त्यांच्या हाती लागल्या. वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला म्हातारपणी विचारले, की लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर त्याने असईचे नाव घेतले असे सांगतात.

आता माझ्या निकालाकडे येऊ. वेलस्लीला उतार कुणी दिला नव्हता. वाटाड्यांनी नाही म्हटल्यावरही त्याने दोन गावांचा अर्थ लावला, माणसे पाठवून खात्री केली आणि मग पाऊल टाकले. माझ्या नातवाने यांतले काहीच केले नाही; त्याने ते पुस्तकात वाचले होते. आणि समोरच्या मुलीला तीच दोन गावे दिसत असताना त्यांचा अर्थ विचारण्याची संधी मी दिली नाही. निकाल इतिहासाला धरून होता, पण खेळाला धरून नव्हता. खरे तर इतिहासालाही नव्हता. इतिहासात उतार ‘होता’ हे अर्धेच खरे. त्या दुपारपर्यंत तो पिंपळगावकरांना होता. दोन्ही सेनापतींना तो नव्हता.

आपली भाषाच बघा. नदी पायी ओलांडण्याच्या जागेला आपण उतार म्हणतो आणि टेकडीच्या ढाळालाही उतारच म्हणतो. शब्द एक, जमिनी दोन. कोणता उतार ते ऐकणाऱ्याने आजूबाजूला पाहूनच ठरवायचे.

महिदपूरची शिप्रा

असईला होळकर नव्हते. यशवंतराव बाजूला राहिले. चौदा वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरला शिप्रेच्या काठी होळकर लढले तेव्हा शिंदे नव्हते. त्यांनी नोव्हेंबरातच इंग्रजांशी तह केला होता. पुन्हा नदी, पुन्हा उतार. पण इथे उतार कुणापासून लपलेला नव्हता. होळकरांच्या तोफा पलीकडच्या काठावर त्याच्याकडेच रोखलेल्या होत्या. हिस्लॉप आणि माल्कम यांची फौज त्या माऱ्यातून पलीकडे गेली आणि तोफांवर तुटून पडली. गोलंदाज शेवटपर्यंत हटले नाहीत.

इथे जमिनीचा नियम काही सांगत नाही. त्याच्या आदल्या दिवशी तुळसाबाईंचा त्याच काठावर वध झाला होता, मल्हारराव अल्पवयीन होते, आणि फौजेत कुणाचा हुकूम चालेल हे नक्की नव्हते. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी आपल्या इंदूरला आली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्यानंतरच्या दरबारात नोकरीला लागले म्हणून आपण इथे आहोत.

पराभवाची गोष्ट सांगताना आपण दोन शब्द फार लवकर उच्चारतो: फितुरी आणि नशीब. दोन्ही काही वेळा खरे असतात. महिदपूरला फितुरीची चर्चा आजही होते. पण असईला जे घडले त्यात फितुरी नव्हती आणि नशीबही थोडेच. दोन गावे समोरासमोर होती, ती सगळ्यांना दिसत होती आणि आपल्या बाजूने तिथल्या माणसांना विचारून तो उतार राखला नाही. तोही आपल्याच मुलखात. हे मान्य करायला जड जाते, पण यातून काही शिकता तरी येते. नशिबातून काही शिकता येत नाही.

कोजागिरीला मुलांनी तीच लढाई पुन्हा मांडली. या वेळी मी नियम बदलले. नदी कुठे ओलांडता येईल ते एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवले. जो एक डाव खर्चून दोन स्वार गावात पाठवील त्याला त्या गावाजवळचा मजकूर कानात सांगायचा. बाकी कुणाला काही नाही. उतार असईच्याच जागी ठेवीन असे वचनही दिले नाही.

त्या मुलीने पहिल्याच डावात दोन स्वार पिंपळगावला पाठवले. मी तिच्या कानात सांगितले. तिने चेहऱ्यावर काही दाखवले नाही. फक्त चार तोफा हळूच डावीकडे सरकवल्या. नातवाने माणसे पाठवली तेव्हा उतार सापडला, पण त्याच्यासमोर तोफाही सापडल्या. तो बराच वेळ टेबलाकडे बघत बसला. मग दूध आटले म्हणून हाक आली आणि लढाई तशीच राहिली. निकाल लागला नाही. कुणी माझ्याकडे निकाल मागितलाही नाही.

महिदपूर इथून फार लांब नाही. तिकडे जाल तेव्हा नदीच्या काठावर जरूर उतरा, आणि पाणी कुठून ओलांडतात ते तिथल्या माणसाला विचारा.